घरातलं पहिलंच मूल युनिव्हर्सिटीत जाणार असेल तर त्याच्या आईवडिलांना नेमकी मदत काय करायची?

पायवाट

नमस्कार मंडळी. इथे शिक्षक आहेत, ऑफिसात काम करणारे आहेत, पालकही आहेत म्हणून इथेच विचारते. आम्ही काही जण मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मुलं सगळी कष्टकरी घरातली, कोणाचे वडील रोजंदारीवर, कोणाची आई सफाईचं काम करते, आणि जवळजवळ कोणाच्याच घरात याआधी कोणी शाळेच्या पुढे गेलेलं नाही.

मुलांचं आमचं बरं चाललंय. अडतं ते पालकांपाशी. म्हणजे पालक वाईट आहेत असं अजिबात नाही, उलट मीटिंगला बोलावलं की कामावरून तसेच येतात, शेवटपर्यंत बसतात. पण आम्ही कोर्स, स्कॉलरशिप, तारखा सगळं सांगतो, ते माना डोलावतात, आणि "काही शंका?" विचारलं की सगळे चिडीचूप. मग ऐन वेळी कळतं की फॉर्म भरलाच नाही, किंवा भरला पण फीची तारीख गेली, किंवा पोरगा कुठेतरी कामाला लागलासुद्धा.

आत्ता एक मुलगी आहे, नाव नको, गणितात कायम वरच्या दोघातिघांत, तिला स्टॅटिस्टिक्स घ्यायचंय. वडिलांना विचारलं की ते म्हणतात "बघू". हो नाही, नाही पण नाही. आई म्हणते यांना विचारा. मुलगी म्हणते ताई तुम्हीच बोला ना घरी. आता मी जाऊन बोलू काय? आमच्यातला एक जण म्हणतो पालकांचं सोडून दे, मुलांवरच लक्ष देऊ. मला ते पटत नाही, सही त्यांची लागते, पैसे त्यांचे, कागदपत्रं त्यांच्या पेटीत, आणि रात्री दिवा किती वाजता बंद करायचा तेसुद्धा तेच ठरवतात. त्यांना बाजूला ठेवून कसं होणार?

ज्यांनी असं काम केलंय किंवा जे स्वतः अशा घरातून शिकलेत त्यांनी सांगा. भाषणं नकोत प्लीज, ती आम्हीच भरपूर देतो.

---

खिडकी_नंबर_दोन

ताई, मी एका कॉलेजच्या ॲडमिशनच्या खिडकीमागे बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे सगळं तुमच्या समोरच्या बाजूने बघितलंय. माझं मत विचाराल तर सभा बंद करा आणि टेबल मांडा. खरंच. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लॅपटॉप, आणि एका वेळी एकच घर.

यावर अमेरिकेत एक मस्त प्रयोग झाला होता, २०१२ साली छापून आला. तिकडे सरकारी मदतीसाठी शंभरावर प्रश्नांचा फॉर्म असायचा. कमी उत्पन्नाची कुटुंबं टॅक्सचे कागद करून घ्यायला ज्या ऑफिसात यायची तिथेच, त्याच खुर्चीत बसल्या बसल्या काही जणांचा तो फॉर्मही भरून दिला, बरीचशी माहिती टॅक्सच्या कागदांतूनच उतरली त्यामुळे काही मिनिटांत काम. दुसऱ्या गटाला फक्त सांगितलं, तुम्हाला अंदाजे एवढी मदत मिळू शकते, फॉर्म तुमचा तुम्ही भरा. तर ज्यांचा भरून दिला त्यांच्या घरातली शाळा संपवणारी जी मुलं होती, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पुरी करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. आणि नुसती माहिती मिळालेल्यांत फरक पडला नाही! तुमच्या सभा म्हणजे तो दुसरा गट आहे, रागावू नका.

आता टेबलावर काय काय निघतं ते सांगतो. आईचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, ओळखपत्रावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच. जन्मतारखेत महिना इकडचा तिकडे. ई-मेल कोणत्या तरी कॉम्प्युटरवाल्याने उघडून दिलेला, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि आता तो दुकान बंद करून गेलाय. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो आणि मोबाइल वडिलांबरोबर कामावर, पोरगी खिडकीपाशी उभी, वडील फोन उचलत नाहीत कारण मुकादम बघतोय, आणि दहा मिनिटांनी ओटीपी संपला. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, दर सीझनला हेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पालक बेफिकीर आहेत.

अजून एक, आणि हे कोणीच नीट सांगत नाही. स्कॉलरशिप मंजूर झाली म्हणजे पैसे हातात आले असं नसतं. बऱ्याच ठिकाणी फी आधी भरायची असते आणि स्कॉलरशिपचे पैसे नंतर जमा होतात, कधी कधी फारच नंतर. मधला काळ घराने कुठून काढायचा? इथे लोक सावकार गाठतात. त्यामुळे पालकांना एक वाक्य पाठ करायला सांगा, "हप्ते करून मिळतील का आणि तसं लेखी द्याल का". खूप ठिकाणी मिळतात हो. पण खिडकीवर येऊन हे विचारणं म्हणजे हात पसरणं असं त्यांना वाटतं, विचारतच नाहीत, मुकाट्याने निघून जातात. तुमच्यापैकी कोणी नुसतं बरोबर उभं राहिलं तरी आवाज फुटतो. आणि खरं सांगू का, बरोबर कोणी शिकलेलं दिसलं की खिडकीमागचा माणूसही जरा नीट बोलतो. वाईट आहे पण आहे.

---

घरातला_पहिला

वरच्या खिडकीवाल्या काकांना शंभर मार्क. हप्त्याचं तर अगदीच.

मी स्वतः अशाच घरातला. त्या मुलीचे वडील काय विचार करत असतील ते मला बहुतेक माहीत आहे, ताई. त्यांना आकडा माहीत नाही. कोणी म्हणतं लाख लागतात, कोणी म्हणतं सगळं फुकट असतं, आणि विचारायला गेलं तर आपल्याला काही कळत नाही हे सगळ्यांसमोर उघडं पडणार, त्यातही पोरीसमोर. मग माणूस "बघू" म्हणतो आणि वेळ काढतो. तुम्ही त्यांना एकट्याला गाठा, मुलगी नको, मीटिंग नको. कागद-पेन घ्या. पूर्ण कोर्सचा खर्च सांगू नका, तो आकडा ऐकूनच माणूस दचकतो, महिन्याचा काढा. फी वजा स्कॉलरशिप, राहणं, जाणं-येणं, पुस्तकं, परीक्षेचे फॉर्म, मोबाइलचा रिचार्ज. आणि एक रकाना असा ठेवा जो सल्ला देणारे कधीच ठेवत नाहीत, तो म्हणजे ती घरात जे कमावून आणू शकली असती किंवा जे काम करते ते. धाकट्याला सांभाळते का? आजीचं औषधपाणी बघते का? ते काम कोण करणार हे ठरल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसते, मग स्कॉलरशिप कितीही असो. आमच्याकडे ते काम काकूने घेतलं म्हणून मी जाऊ शकलो, नाहीतर स्कॉलरशिप होतीच की खिशात, उपयोग काय तिचा.

आता दुसरी गोष्ट, जरा लांबण लागेल. सगळे ॲडमिशनपर्यंतच बोलतात. माझं खरं अडलं ते नंतर. हॉस्टेलवर गेल्यावर पहिले काही आठवडे वर्गात काय चाललंय काही कळत नव्हतं, सगळे एकमेकांना ओळखत असल्यासारखे, प्राध्यापकांना शंका विचारायला त्यांच्या केबिनमध्ये जायचं असतं हेही मला माहीत नव्हतं, मला वाटायचं केबिनमध्ये बोलावतात ते झापायलाच. एका रात्री घरी फोन केला, म्हटलं मला जमत नाहीये, मी येतो परत. अशा वेळी कुठलीही आई काय म्हणेल? ये बाळा, जीव महत्त्वाचा. आणि एकदा गेलेला पोरगा परत येत नाही हो, चार दिवस म्हणून जातो आणि पाचव्या दिवशी कोणीतरी काम लावून देतं.

माझी आई म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत थांब, मग ये, तोवर रोज रात्री फोन कर." ती एवढी ठाम कशी राहिली? तर तिला आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मी जायच्या आधी आईला बसवून सांगितलेलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा रडणार आहे, यायचं म्हणणार आहे, जवळजवळ सगळ्यांचं होतं, श्रीमंतांच्या पोरांचंही होतं, पण त्यांच्या घरी कोणीतरी कॉलेज बघितलेलं असतं म्हणून घाबरत नाहीत. तुम्ही घाबरू नका, ये म्हणू नका, रागावू पण नका, परीक्षेपर्यंत थांब म्हणा. बस्स. तेवढ्या बोलण्यावर माझी डिग्री झाली असं मी म्हणतो. त्यामुळे ताई तुमच्या पालकांना या फोनसाठी तयार करा. हे मी कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं बघितलं नाही.

---

आकडेमोड

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, चालेल ना.

सगळे धरून चाललेत की मूल युनिव्हर्सिटीत जाणं म्हणजे चांगलंच आणि पालकांना फक्त ढकलायचंय. मी बँकेत लोनचं काम करतो. शैक्षणिक कर्जात अडकलेली घरं बघतो. सगळ्यात वाईट अवस्था डिग्री न मिळालेल्या पण कर्ज झालेल्या मुलाची, कारण हप्ता तर सुरू झाला आणि पगार मात्र न शिकलेल्याचाच. बऱ्याच लोनमध्ये शिकत असताना हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, हे सही करताना पालकांना कळलेलं नसतं. गॅरंटर म्हणून मामा किंवा शेजारी सही करतो त्याला वाटतं ही नुसती साक्ष आहे, उद्या मुलाने थकवलं की बँक त्याच्याही दारात जाते हे कळल्यावर नाती तुटलेली बघितलीत.

तेव्हा वडील "बघू" म्हणत असतील तर मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. हातावर पोट असलेला माणूस जोखीम मोजतो, त्याला मोजावीच लागते, एक डाव चुकला तर सावरायला मागे काही नसतं. तुम्ही स्वप्नं दाखवू नका, कॉलेजला विचारा की या कोर्सला दरवर्षी किती मुलं बसतात, किती पूर्ण करतात, आणि एका वर्षाने ती काय करत असतात. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. गुळगुळीत ब्रोशर आणि मोठमोठी नावं असलेल्या खाजगी ठिकाणांबद्दल तर दुप्पट विचारा.

आणि "शिकलास तर जास्त कमावशील" हे सांगून भागत नाही यावरही अभ्यास आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आठवीच्या मुलांना शिकलेल्यांची खरी कमाई किती असते ते सांगितलं, कारण मुलं ती फारच कमी धरून चालली होती. पुढच्या चार वर्षांत सरासरीने ०.२० ते ०.३५ वर्षं जास्त शिक्षण झालं. २०१० चा अभ्यास. पण तो परिणाम त्यातल्या त्यात बऱ्या घरांतल्या मुलांवर झाला, सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांना सांगून काही उपयोग झाला नाही. पैसाच नसेल तर माहिती घेऊन काय करणार.

---

खडूफळा

@आकडेमोड, लोनबद्दल तुमचं सगळं मान्य. गॅरंटरचं तर मी आमच्या पालकांना वाचून दाखवणार आहे. पण जोखीम मोजायला आकडा खरा हवा ना, आणि घरापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा वाढवलेला आकडा. मिशिगन युनिव्हर्सिटीने २०१५ पासून एक केलं, हुशार पण कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आणि मुख्याध्यापकांना पत्र पाठवलं की प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी लागणार नाही, उत्पन्नाचे फॉर्म-बिर्म काही भरायचे नाहीत. मजा म्हणजे यातल्या बहुतेक मुलांना नेहमीच्या मार्गानेही जवळजवळ तेवढीच मदत मिळाली असती! फक्त ती नंतर कळली असती, फॉर्म भरून, वाट बघून. तर पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला आणि न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे २७ आणि १२. म्हणजे पैसे जवळपास तेच, पण आधी आणि पक्कं सांगितलं. पायवाट ताई, यावरून तुम्हाला एक करता येईल, कॉलेजकडून जे काही लेखी मिळवता येईल ते आधी मिळवा आणि वडिलांच्या हातात कागद द्या. तोंडी "होऊन जाईल हो" याला कष्टकरी माणूस किंमत देत नाही आणि का द्यावी?

मी शाळेत शिकवते. माझ्या मते तुम्ही फार उशिरा सुरू करताय, म्हणजे तुम्हीच नाही, सगळेच. पालकांना मुलाचं नेमकं कुठे अडलंय हे रिझल्टच्या दिवशी कळतं. लॉस एंजेलिसमधल्या एका अभ्यासात फक्त एवढंच केलं होतं की मुलाने कोणतं काम जमा केलं नाही ते पालकांना ठरावीक दिवसांनी कळवत राहायचं, विषय, पान नंबर, सगळं. मार्क सुधारले. पालकांना आधी वाटत होतं पोरगं सगळं करतंय, आणि पोरगं का सांगेल. मी आता व्हॉइस मेसेज टाकते, कारण लिहिलेला मेसेज मुलगाच वाचून दाखवतो आणि काय वाचून दाखवतो ते देव जाणे 😄 मेसेज अर्ध्या मिनिटाचा, तक्रारीचा सूर नाही, "आज भूमितीचा धडा संपला, तीन गणितं राहिलीत, रविवारी करायला सांगा". आईला भूमिती यायची गरज नाही, तीन हा आकडा कळला की झालं.

हेच पालकांना सांगायचं असतं, की अभ्यास शिकवता आला नाही तरी तुमच्या हातात खूप आहे. अभ्यासाच्या वेळी पोराला पाणी भरायला उठवू नका, आणि निकालाच्या दिवशी दुसऱ्याच्या पोराशी तुलना करू नका, बाकी आम्ही बघतो. मी इतकंच सांगते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं.

मुलगी असेल तर अजून एक गोष्ट असते, बोलून दाखवत नाहीत पण असते. पश्चिम बंगालमध्ये १९९३ च्या कायद्यानंतर काही गावांचं प्रमुखपद बायकांसाठी राखीव झालं, आणि जिथे दोन निवडणुका बाईच प्रमुख होती तिथे मुलाकडून आणि मुलीकडून काय अपेक्षा ठेवायच्या यातला आईबापांच्या मनातला फरक २५ टक्क्यांनी कमी झाला, मुलामुलींच्या स्वतःच्या मनातला ३२ टक्क्यांनी. २०१२ चा अभ्यास आहे. कोणी भाषण दिलं नव्हतं, डोळ्यासमोर एक बाई खुर्चीत बसलेली दिसत होती एवढंच. तेव्हा त्या वडिलांना अशा एखाद्या मुलीच्या वडिलांना भेटवा जिने हे केलंय. मुलीला नको, वडिलांना. बाप बापाला जे विचारेल ते तुम्हाला-मला विचारणार नाही.

---

लेकीच्या_फोनवरून

नमस्कार मी बोलते आणि मुलगी टाइप करते. ती नेहमी हा ग्रुप वाचते तिने मला सगळं वाचून दाखवलं. मी सफाईच्या कामाला आहे माझी मोठी मुलगी आत्ता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

ताई तुम्ही चांगलं काम करता पण राग येणार नसेल तर सांगते. सभेत आम्ही बोलत नाही कारण तिथे मुलं असतात. मला विचारायचं होतं की हॉस्टेलला दाराला कडी आहे का रात्री कोण बाई असते का, हे मी सगळ्यांसमोर कसं विचारू लोक हसतील आणि मुलगी म्हणेल आई तू गप बस (मुलगी: मी खरंच म्हटलं असतं 🙈). मग घरी येऊन आम्ही म्हणतो नको जाऊ लांब. खरं कारण कडीचं असतं पण आम्ही पैशाचं सांगतो, कारण पैशाचं म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

दुसरं म्हणजे तुमची सभा दुपारची असते. दुपारी आलं की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. सांगणारे सांगतात पालकांना मुलांच्या शिक्षणात रस नाही. रस आहे हो पण अर्धा पगार गेला की त्या आठवड्याचं गणित बिघडतं.

तिसरं आम्हाला अडाणी पालक म्हणू नका. समोर म्हणत नाहीत पण कागदावर लिहिलेलं असतं मुलगी वाचून सांगते. माझी सही नव्हती अंगठा होता. मोठीच्या फॉर्मच्या वेळी एक बाई आल्या होत्या त्यांनी मला प्रत्येक पान वाचून दाखवलं हे काय आहे हे कशासाठी आहे, मग म्हणाल्या आता करायचा का अंगठा. आधी कोणी असं विचारलं नव्हतं, बोट धरून शाईत बुडवतात आणि झालं. त्या दिवशी मला वाटलं की पोरीला मी पाठवते आहे, दुसरं कोणी नेत नाहीये.

त्या मुलीच्या बाबांना विचारा त्यांना कशाची भीती आहे पण एकदम नका विचारू. आधी दोन वेळा नुसतं जाऊन बसा.

---

घरातला_पहिला

मावशी, कडीचं वाचून माझी आई आठवली, तिने माझ्या हॉस्टेलच्या खिडकीचे गज हलवून बघितले होते 😅

---

पायवाट

मावशी, तुमचे खूप आभार, आणि टाइप करणाऱ्या मुलीचेही. दुपारच्या वेळेचं खरंच आहे, आमच्या सोयीची वेळ आम्ही धरली होती, आता त्यांची विचारून ठरवू. प्रत्येक घराशी वेगळं बसायचं तर वेळ लागेल पण आता ते करायचंच असं ठरतंय. आकडेमोड दादा, तुमचा विरोध उपयोगी पडला, कोर्स कितीजण पूर्ण करतात हे आम्ही कधीच विचारलं नव्हतं, उद्याच दोन कॉलेजांना फोन लावते.

एक शंका राहिली. आमच्याकडे असंही होतं की प्रवेश पक्का झालेला असतो, सगळं झालेलं असतं, आणि सुट्टीत मूल गळतं. कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी ते गेलेलंच नसतं. घरी विचारलं तर गोलमोल उत्तर. हे का होतं, आणि पालकांना धरून काय करता येईल?

---

खिडकी_नंबर_दोन

हे जगभर होतं ताई. अमेरिकेतल्या अभ्यासकांचा अंदाज होता की कॉलेज पक्कं ठरलेल्या मुलांपैकी १० ते २० टक्के त्या मधल्या सुट्टीत गळतात, आणि गरीब घरांत हे जास्त. कारणं अगदी बारीक असतात. शाळा संपलेली असते त्यामुळे शाळेचे शिक्षक विचारत नाहीत, कॉलेज सुरू झालेलं नसतं त्यामुळे कॉलेजचं कोणी विचारत नाही, आणि नेमकी त्याच काळात डझनभर कामं येऊन पडतात. हॉस्टेलचा फॉर्म वेगळा, मेडिकलचा वेगळा, डिपॉझिट वेगळं, मूळ दाखले जमा करायची तारीख वेगळी. त्यातलं एक पत्र समजलं नाही की घर गप्प बसतं. त्यात मुलाने सुट्टीपुरतं म्हणून काम धरलेलं असतं आणि पहिला पगार घरात आलेला असतो. तो पगार आल्यावर बोलणं बदलतं, हे मी कितीतरी घरांत ऐकलंय.

तिकडे त्यांनी मुलांना आणि आईवडिलांना त्या सुट्टीत मोबाइलवर साधे मेसेज पाठवले, आता हे करायचंय, अडलं तर उत्तर द्या माणूस बोलेल. ज्या गावांत मुलांना विचारायला दुसरं कोणी नव्हतं तिथे फायदा झाला. तुम्हाला तर मेसेजचीही गरज नाही, तुम्ही त्याच वस्तीत जाता. शाळा संपल्याच्या दिवशी निरोपसमारंभ करून मोकळे होऊ नका, अभ्यासिका सुट्टीतही उघडी ठेवा, पालकांसाठी. प्रत्येक घराला एक प्लास्टिकची फाइल द्या, आत सगळ्या दाखल्यांच्या झेरॉक्स, वरच्या कप्प्यात एकच कागद, त्यावर पुढच्या तारखा मोठ्या अक्षरात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल. ई-मेल आणि पासवर्ड मुलाच्या अक्षरात, दोन ठिकाणी. मोबाइल नंबर असा द्या जो दिवसा घरात असतो. मूळ दाखले फाइलमध्ये ठेवू नका, ते पेटीतच राहू देत, आईला माहीत असतं कुठे आहेत ते.

आणि त्या स्टॅटिस्टिक्सवालीच्या धाकट्या भावंडांना पण टेबलाशी बसवा. चिली, क्रोएशिया, स्वीडन, अमेरिका, चारही देशांच्या आकड्यांत दिसलंय की मोठं भावंड जिथे शिकायला जातं तिथे धाकटं जायची शक्यता वाढते. म्हणजे या वडिलांशी तुम्ही आता जेवढा वेळ घालवाल तो एकीसाठी नाही.

---

लेकीच्या_फोनवरून

आई म्हणते त्या काकांना भेटायला माझे बाबा येतील. ते पण आधी बघूच म्हणत होते. रविवारी संध्याकाळी त्यांना सुट्टी असते. ताई, तुमचा नंबर इथे टाकू नका, मला मेसेज करा.